सशाचं नाव

मार्लिसने बी आणलं रुळांकडेच्या पट्टीतून,
जिथे आयोवाचा नांगर कधी पोचलाच नाही.
कागदासारख्या चपट्या अकरा बिया
ओल्या वाळूत कालवून मुरांब्याच्या बरणीत भरल्या,
वर चिठ्ठी: खायचं नाही. हे तुला आहे, ऑर्विल.
तीन महिने, बिटाच्या लोणच्याशेजारी,
फ्रीजमध्ये त्यांनी खोटा हिवाळा काढला.

मेमध्ये मातीत घातल्या.
एक पान आलं.
एकच.
शेजारचा ड्वेन कुंपणावरून विचारायचा,
हे तण उपटणार कधी?
ती म्हणायची, सध्या सगळं खाली चाललंय.
खाली म्हणजे किती खाली,
हे मीही विचारायचो, पण मनात.

दुसऱ्या वर्षी दोन पानं.
जूनमधला शनिवार, कानात सामन्याचं समालोचन,
गवत कापायचं यंत्र घेऊन मी वळलो
तो जरा जास्तच वळलो.

ती बाजारातून आली. उभी राहिली.
'ससा,' मी म्हणालो.
'हं,' म्हणाली, आणि आत जाऊन
अंडी एकेक करून खाचेत ठेवू लागली.

मग जाळी आली.
खुंट मीच ठोकले, चार,
आणि प्रत्येक घावासरशी
सशाला तिच्या कानावर पडेल अशी शिवी हासडली.

पानं परत आली.
मांजराच्या जिभेसारखी खरखरीत, कडेवर उभी,
एक धार उत्तरेला, एक दक्षिणेला.
वडिलांचं सैन्यातलं होकायंत्र काढून मी ताडून पाहिलं.
काटा थरथरला.
पान नाही.
तेव्हापासून त्या वाफ्याजवळून जाताना
मी उगाच बुटांकडे बघायचो.

आठव्या वर्षी, जुलैत,
दांडा माझ्या टोपीच्या वर गेला
आणि वरपासून खालपर्यंत फुलला,
टोक न केलेल्या कोऱ्या पेन्सिलीसारखा पिवळा.
ड्वेनसुद्धा शिडी टाकून बघायला आला.

तो गेल्यावर मी म्हणालो,
'मार्लिस, तो ससा...'

'ससा सरळ रेषेत कापत नाही, ऑर्विल.'
नजर वर, फुलांतच.

सहा वर्षं!
सहा वर्षं ही बाई माझ्यासमोर बसून
शांतपणे टोस्टला लोणी लावत होती.

घसा खाकरून मी विचारलं,
'जाळी काढू आता?'

'असू दे,' म्हणाली.
'एखादे वेळी
खरा ससा येईल.'