काचेचं कवेलू

नागभीडला, राईस मिलच्या मागच्या गल्लीत,
नंदेश्वर मास्तरांच्या स्टुडिओला खिडकी नव्हती.
छपरातलं एक कवेलू काचेचं होतं, एवढंच.
त्याखाली स्टूल.
स्टूल कुठे ठेवायचं ते महिना सांगायचा :
फरशीवर खडूच्या खुणा,
पुसाची, माघाची, चैताची,
आणि आषाढाच्या खुणेपुढे लिहिलेलं, "उद्या या."

मी तिथे डबा धरायचो.
डालड्याचा डबा, कापून, ठोकून सपाट केलेला,
राखेनं घासलेला,
हनुवटीखालचा अंधार उचलायला.
"उचल. अजून. बस.
आता एक बोट खाली घे. राहू दे थोडा,
मान धडाले कशी जोडली ते दिसलं पायजे."

दुसऱ्या बाजूला काळी छत्री, उघडी,
उजेड प्यायला ठेवलेली.
मला वाटायचं, फोटो म्हणजे दिवे लावणं.
मास्तरांचा निम्मा दिवस
उजेड काढून घेण्यात जायचा.

बाजारातल्या स्टुडिओत पावडर थापायचे,
सावळ्या पोरी पिठाच्या होऊन बाहेर यायच्या.
इथे आधी तांब्या पुढे : "तोंड धुवून ये."
मग टोरीच्या तेलाचं एक बोट, गालाच्या हाडावर.
"म्हैस बोडीतून निघते तवा पायली का बाई,
कसा उजेड घेते अंगावर?"
बाई रागवायची,
आणि रागवून जशी बघायची
तोच फोटो.

अंधाऱ्या गालावर उजेडाचा तिकोनी तुकडा पडे,
त्याला ते विडा म्हणत.
डोळ्यातल्या ठिपक्याला दाणा.
"विडा लागला. दाणा पडला का पाय."
मी वाकून पाहायचो.
दाणा नसला तर खटका दाबत नसत,
समोर तहसीलदार बसलेला का असेना.

एकदा दिवाळीआधी, शहाणपणा करून,
मी छपरावर चढलो
आणि ते कवेलू लख्ख पुसून आलो.
मास्तर काहीच बोलले नाहीत.
सगळा हिवाळा चेहरे विळ्यानं कापल्यासारखे आले.
मग मिलचा कोंडा, शेजारचा धूर, एक कोळी,
यांनी थोडंथोडं दुरुस्त करत आणलं.
होळीला म्हणाले, "कायले घासलास बे?
तीन वर्सं मळवलं होतं त्याले."

बिसन कुमरे मोहं वेचायला गेला होता.
अस्वलानं डावी बाजू नेली.
वनखात्याच्या अर्जाला फोटो हवा होता.
मास्तरांनी पाचशेचा बल्ब तोंडासमोर लावला, उघडा,
एकेक टाका मोजता येईल असा.
"हा सायबासाठी."
मग बल्ब विझवला.
डोळे निवेपर्यंत बिसनला बिडी दिली.
स्टूल वीतभर सरकवलं, छत्री मिटली,
माझ्या हातचा डबा स्वतः घेतला
आणि मला म्हणाले, तू दाब.

डावी बाजू अंधारात जाईल
म्हणून मी थांबलो होतो.
गेली नाही.
सारवलेल्या भिंतीवर येतो तसा उजेड आला तिथे,
उंचवटे, खड्डे, बोटांच्या रेघा,
आणि उरलेल्या डोळ्यात दाणा.
"हा कोनासाठी?" बिसननं विचारलं.
मास्तर डबा खाली ठेवत होते.
"ठेव ना बाप्पा. लागते."

आता तिथे स्लॅब आहे.
माझ्याकडे दोन छत्र्या, पांढऱ्या, विजेच्या.
परवा बिसन आला नातीला घेऊन,
शाळेच्या फॉर्मला फोटो.
मी दिवे लावतच होतो.
त्यानं स्टूल ओढलं, कसलीच खूण नसलेल्या टाइल्सवर,
बरोब्बर माघाच्या जागी,
पोरीची हनुवटी वर केली
आणि वाकून तिच्या डोळ्यात बघू लागला.

"नाई पडला अजून," म्हणाला.

मी एक दिवा विझवला.
दार उघडायला गेलो.