बावीस नंबर

क्लिफर्ड बिल्टनच्या रंगांच्या डब्या वाळल्या.
चोवीस होत्या, अंगठ्याएवढ्या,
जुळ्या बहिणींसारख्या एकमेकींना चिकटलेल्या.
आणि हा जानेवारीपासून इस्पितळात,
खुब्याचं हाड जोडून घेत.
फोनवर म्हणाला, "मेंढ्या राहिल्यात. छपराची उजवी बाजूही.
तू भर. किल्ली कुंडीखाली आहे."

गावाचं नाव हल.
नांगर इथे एकच ठाऊक, बोटीचा.

कॅनव्हास काखेत मारून
मी हेसल रोडवरच्या दुकानात गेले.
टिली नावाची मुलगी, नाकात चमकी. म्हणाली,
पोस्टर कलर नको, ओला हात लागला की उठतो.
तैलरंग आठवडाभर वाळत बसतात,
आणि तुमच्या मित्राचं वय काय म्हणालात?
अ‍ॅक्रिलिक घ्या. पण स्वस्तातलं नको,
ते ताकासारखं, खालचा आकडा दिसत राहतो.
हे घ्या, चक्क्यासारखं घट्ट.
चक्का मी म्हणतेय. ती टूथपेस्ट म्हणाली.
पिवळा कुठलाही घ्या, झाकत नाही,
आधी पांढऱ्याचा एक हात द्या.
आणि वाळल्यावर सगळेच थोडे काळवंडतात.

मी मान डोलावली. मला कोण सांगतंय हे?
इचलकरंजीत आमचं मॅचिंग सेंटर होतं.
अण्णा ट्यूबलाइटखाली रंग बघू देत नसत.
बाईने पदर पुढे केला की
तागा घेऊन थेट पायरीवर, उन्हात.
"आमसुली वेगळा, वांगी वेगळा, ताई.
लग्नात फोटो निघतात."
चिंतामणी, मोतिया, श्रीखंडी, शेवाळी.
त्यांच्या कपाटात एकाही रंगाला नंबर नव्हता.

हलमध्ये ऊन मागून मिळत नाही.
तरी ट्यूबा घेऊन दारात उभी राहिले,
ढगांतून जो काही उजेड गाळून आला त्यात,
तेव्हा दिसलं.
तक्त्यावर बावीस म्हणजे विटकरी.
क्लिफर्डच्या छपरावर बावीस म्हणजे हिरवा.
कौलं हिरवी, धुराडं हिरवं,
रेषेबाहेर केसभरही न जाता.
आणि खालचं कुरण, नऊ नंबर,
कोकणातल्या जांभ्यासारखं तांबडं.

झाकणं बदलली असणार.

मग आठवलं, त्यानेच कधीतरी सांगितलेलं.
अठराव्या वर्षी ट्रॉलरवर जायचं होतं.
अंधाऱ्या खोलीत दिवे दाखवले त्याला,
लाल, हिरवा, पुन्हा लाल.
तो तिन्ही वेळा म्हणाला, "दिवा."
पुढे चाळीस वर्षं गोदीवर, वहीत:
हॅडक एकशेदहा पेट्या, कॉड चौसष्ट.
आकडा सांगेल ते खरं.

"दाट विटकरी आहे आपल्याकडे," टिली म्हणाली,
"दोन हातांत हिरवं झाकून जाईल.
मग चित्र बरोबर होईल."

अण्णा म्हणायचे, गिऱ्हाइकाचा पदर बघायचा,
आपली आवड नाही.
मी हिरवा घेतला. एक पिवळा. लालाची सगळ्यात लहान ट्यूब,
हिरव्याचा भडकपणा मारायला.
पावतीच्या मागे तीन ठिपके वाळवून पाहिले,
चौथा जमला.

रविवारी वॉर्डात त्याच्या मांडीवर चित्र ठेवलं.
त्याने छपरावरून बोट फिरवलं,
त्याचं कुठे संपतं, माझं कुठे सुरू होतं, शोधत.
"जोड लागत नाही," म्हणाला. खूश.
तेवढ्यात औषधं घेऊन आलेली नर्स वाकून म्हणाली,
"किती गोड! गवताचं छप्पर!"

बोट थांबलं.
मी खिडकीबाहेर बघू लागले, तिथे फक्त गाड्यांचा तळ.
"गवताचं," तो म्हणाला. मग बराच वेळ काही नाही.
मग, "तुला कधी कळलं?"
"दुकानात."
"आणि तरी तू…"
"हो."
त्याने पुन्हा एकदा छप्पर चाचपलं.
"चला," म्हणाला, "मेंढ्यांना वर चढवायला
शिडी लागेल तेवढी."

त्या अजून कोऱ्या आहेत.
तांबड्या कुरणात नुसते आकडे चरतायत,
पाच, पाच, सात, पाच.