दुसऱ्या महिन्यातला पहिला दिवस

शेगडी पेटवायची पाळी माझी होती.
साडेआठला कुलूप काढलं, तर आत बाहेरच्यापेक्षा गारठा.
ओकची लाकडं ओली, धूर उलटा फिरला,
खिडक्या उघडल्या, आणि होती नव्हती ती ऊबही गेली.

रविवार आम्ही म्हणत नाही.
सूर्याच्या नावाने वार कशाला? हा पहिला दिवस.
फेब्रुवारीसुद्धा नाही, दुसरा महिना.
दूध डेअरीच्या बिलावर मात्र फेब्रुवारी लिहावंच लागतं.

दहाला आम्ही नऊ जण.
एके काळी बटरनट रनच्या या सभागृहात दोनशे बसत, म्हणतात.
बायका डावीकडे, पुरुष उजवीकडे,
मधे वरखाली सरकणारी फळ्यांची भिंत.
ती कधीची वर अडकून बसली आहे,
आणि खाली आणावी असं कुणाच्या मनातही येत नाही.

दहावा एक ट्रकवाला, बर्फाने रस्ता बंद म्हणून आलेला.
बूट झटकत विचारतो, "पाद्री कुठे आहेत?"
"नाहीत," ॲसनाथ म्हणाली.
"आजारी?"
"कधीच नव्हते. तू बस."

त्या 'तू'ने तो जरा दचकला.
आमच्यात सगळ्यांना तूच.
माझ्या आज्याने न्यायाधीशालाही तूच म्हटलं,
आणि पुस्तकावर हात ठेवला नाही:
शपथेवर खरं बोलू म्हणतोस,
मग एरवी मी काय बोलतो असं तुला वाटतं?
त्याच्याही आधी खापरपणजा लढायला गेला नाही,
न गेल्याचा दंडही त्याने भरला नाही.
शेरीफ गाय घेऊन गेला.
गाभण होती ती. घरात अजून ते सांगतात.

मग गप्प बसणं.
कुणाचं तरी पोट गुरगुरलं. शेगडीने एकदा ठिणगी उडवली.
ट्रकवाला घड्याळ बघायचा थांबला.

आतला उजेड, म्हणतो आम्ही.
हा उजेड सुखाचा असतो असं ज्याला वाटतं
त्याने इथल्या कोळशाच्या खाणीत दिवा नेलेला नाही.
पहिल्यांदा दिसते ती धूळ.

अकराच्या सुमाराला लिंडली उठला.
समोरच्या बाकावरचा, चौऱ्याऐंशीचा,
अकरा वर्षांत सभेत एक शब्द नाही.
आधी त्याचे गुडघे बोलले, मग तो.

"शहात्तर साली मी ब्रुबेकरच्या शेतात
कुंपण चार हात आत सरकवलं.
तो तेव्हा इस्पितळात होता.
एवढंच सांगायला मला उठवलंय."

बसला.
देव तुला क्षमा करो, असं कुणी म्हटलं नाही.
ते आमच्या हातातलं नाही.
कुणी खोकललंही नाही. मला वाटतं,
आम्ही दहाही जण आपापली कुंपणं मोजत होतो.

मग ॲसनाथने त्याचा हात हातात घेतला,
शेजाऱ्याने शेजाऱ्याचा, आणि सभा संपली.
"झालं? पाणी नाही, भाकरी नाही, द्राक्षारस नाही?"
ट्रकवाल्याने मला विचारलं.
"वाटाण्याचं सूप आहे," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशी पहारी घेऊन सहा जण गेलो.
ब्रुबेकरची मुलगी दारात, ओल्या हातांनी.
"बाबांना जाऊन चौदा वर्षं झाली.
मला ठाऊकही नव्हतं. राहू दे ना, लिंडली."
"तुझ्यासाठी नाही सरकवत," तो म्हणाला.

पण जमीन दगड झालेली.
एक खांब हलेना. पहार वाकली.
बर्फ उतरेपर्यंत कुंपण जिथल्या तिथे,
तोवर खऱ्या हद्दीवर निदान सुतळी बांधू, असं ठरलं,
ठरलं म्हणजे मत कुणी मोजलं नाही,
नको म्हणणारं कुणी उरलं नाही इतकंच.

एक टोक लिंडलीने धरलं,
दुसरं त्या ट्रकवाल्याने. रस्ता अजून बंदच होता.
वाऱ्यात सुतळी गुणगुणत होती.
त्याचं नाव विचारायचं राहून गेलं.