डबा हाय का?

सेंट्रिफ्यूज चारला लावलाय, थांबेल साडेसहाला.
तोवर नळीच्या तळाशी काहीतरी साचेल
डोळ्याला न दिसणारं.
पुटिका म्हणतात. पेशीनं आपल्याच कातडीचा तुकडा
दुमडून बांधलेली पुरचुंडी,
आत निरोपाचे दोन शब्द.

आधी सगळे म्हणायचे, हा पेशीचा केर.
तात्या वडणग्याचे गुळवे. काहिलीवरची मळी
झाऱ्यानं काढून लांब फेकायचे,
पण एकदा बोटावर घेऊन चाखताना मी पाहिलंय:
"रस कुठल्या रानाचा, ते मळीच सांगती."
हे वाक्य प्रबंधात घालता आलं नाही.

विषाणू शिरला की आजारी पेशी
शेजारणीला पुरचुंडी धाडते:
कडी लाव गं, आलाय तो.
शेजारीण लावते कडी. कधी कधी.
कधी त्याच पुरचुंडीत, तिच्याच पदराखाली
तो स्वतः बसून येतो,
आणि त्याचा चेहरा पाठ असलेले पहारेकरी
ओळखीचं कापड बघून
वाट देतात.

सीपीआरच्या दारावर हिंदुराव होता.
त्या वर्षी माणसाला आत सोडत नव्हते, डब्याला सोडायचे.
"डबा हाय का? ठेवा हितं. नाव लिवलंय न्हवं?"
पेज, लसणाची चटणी, झाकणाला चिठ्ठी:
तात्या, काहील घासून ठेवलीय.
तात्यांचा नुसता पाय मोडला होता.
माझ्या घशात नुसती खवखव होती.
चिकटपट्टी मी दातानं तोडली.

सहाव्या दिवशी त्यांना ताप आला.

डब्यातून असं क्वचितच होतं.
मला माहीत आहे, आकडे माझ्याच कपाटात आहेत.
वॉर्डात खोकणारे चाळीस जण होते.
तरी यंत्र जेव्हा मोजून दाखवतं,
एका थेंबात इतक्या कोटी पुरचुंड्या,
तेव्हा मी पडद्याकडे बघत राहते:
कुठल्या पुरचुंडीत निरोप, कुठल्यात तो,
एवढं अजून त्याला नीट सांगता येत नाही.

डबा परत मिळाला, प्लॅस्टिकच्या पिशवीत, धुतलेला.
चिठ्ठी आतच. पाठीमागे तात्यांचं तिरकं अक्षर:
चटणीत मीठ जादा.

साडेसहा. फिरणं थांबलं.
झाकण उघडते, नळी उजेडात धरते.
तळाशी काहीही दिसत नाही.
वरचं पाणी कडेकडेनं ओढून घेते,
तळाला पिपेट लागू न देता.