म्हैस असलेली प्रत

मूळ कॅसेट शहनाजच्या भावाची,
कुवेतहून आणलेली, सोमवारी परत करायची,
आणि डबल डेक आख्ख्या गंगावेशीत आमच्या ओळखीत कुणाकडं नव्हता.
मग दोन टेपरेकॉर्डर तोंडाला तोंड लावून ठेवले,
एक गाणारा, एक ऐकणारा,
मुल्लाण्यांच्या माडीवर,
खिडक्या लावून, पंखा बंद करून,
ऐन मे महिन्यात.

बेचाळीस मिनिटं बोलायचं नाही.
शिंकायचं नाही.
बांगड्या काढून ओढणीत गुंडाळल्या होत्या.
घामानं थबथबलेल्या आम्ही दोघी
मुखपृष्ठावरच्या तिच्याकडं बघत बसलो.
खांद्यात उशा भरल्यासारखा कोट,
वीज सोडून उभे केल्यासारखे केस,
आणि पापण्यांवर निळं,
महाद्वार रोडच्या कुठल्याच डबीत न मिळणारं निळं.

तिचं नाव आम्ही तीन तऱ्हांनी उच्चारायचो.
शब्दांचा तर आनंदच.
पहिल्या गाण्यात ती चक्क म्हणायची, “आई गं, वीट आण,”
आणि आम्ही बीएस्सीच्या दोन पोरी
जीव तोडून वीट आणायचो.

तिसऱ्या गाण्यात एक जागा आहे.
सगळी वाद्यं थांबतात,
एका बोटाचे तीन सूर उरतात, मग तेही नाहीत.
नेमकी तेव्हा खाली दूधकट्ट्यावर
म्हैस रेकली.
लांब, खर्जात,
आणि शपथेवर सांगते, सुरात.
मागोमाग कुणीतरी ओरडलं,
“अर्धा लिटर! फेस नको!”
शहनाजनं ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.
बांगड्या खळकन सांडल्या.
त्याही टेपवर आहेत.

होत्या.

ती टेप इचलकरंजीला सासरी आली,
मागांच्या खडखडाटात दुपारी वाजली,
दोनदा तुटली, नेलपॉलिशनं चिकटवली,
मग एका उन्हाळ्यात गाडीत राहिली आणि
बाई पुरुषाच्या आवाजात गायला लागली.

आता मार्चअखेर. लक्ष्मीपुरीतलं ऑफिस,
जीएसटीच्या फायली, थंड झालेला चहा.
पुतण्यानं फोनवर लावून दिलं:
“आत्या, नव्यानं साफ करून काढलंय बघ.”

चांगलंच आहे हो.
आठवण बाजूला काढून ठेवली तरी.
ढोल माणसानं वाजवलेला नाही हे आता कळतं,
पण त्या यंत्राला थांबायचं कुठं ते कळत होतं.
खालचा सूर उद्यमनगरातल्या लेथसारखा
एकसारखा फिरत राहतो,
आणि त्याच्यावर ती येते जराशी उशिरा,
दर वेळी अर्धा श्वास उशिरा,
स्टँडवर पिशवी सावरत पळणाऱ्या बाईसारखी,
आणि दर वेळी तिला एस्टी सापडते.
एवढ्यावर चाळीस वर्षं टिकतं माणूस.
दुसऱ्या बाजूचं दुसरं गाणं तेव्हाही भिकार होतं.
आजही मी ते पुढं ढकललं.

तिसरं लागलं.
एक बोट. तीन सूर.
मी पेन खाली ठेवून
वाट बघत राहिले.
काही आलं नाही.
आवाज वाढवला, तेव्हा तिथं
तिनं श्वास घेतलेला ऐकू आला,
छोटा, घाबरल्यासारखा,
पुढची ओळ उचलण्याआधीचा.
इतकी वर्षं तो म्हशीच्या पोटाखाली
गप उभा होता.

शहनाजला मिरजेला पाठवून दिलं.
दोन मिनिटांत उत्तर: “म्हैस कुठाय?”

आणि मग तिचा फोन.
हॅलो नाही, काही नाही.
तिकडं तेच गाणं चाललेलं.
ती जागा आली,
आणि दोन्ही गुडघे बदललेली,
बँकेतून निवृत्त झालेली शहनाज
पोटातून रेकली.

सुरात नव्हती.

ऑफिसातली पोरं माना वर करून बघायला लागली.
“अर्धा लिटर,” मी म्हटलं,
“फेस नको.”