पान चौदा

पान चौदावर पूल कोसळतो.
काहीही करा, कोसळतो.
तिरक्या ठशात छापलंय:
भिडूंनी रखवालदाराला वळवलं तरी
पुढच्या भागासाठी पूल पडलेला असणं आवश्यक.

स्टॉकपोर्टमध्ये, लाँड्रीच्या वरच्या खोलीत,
दर मंगळवारी साडेसहा ते साडेदहा
मी सूत्रधार.
खालची यंत्रं पिळायच्या फेऱ्यात आली
की टेबलावरचे फासे आपोआप सरकतात
आणि डॅरन ओरडतो, हे दान धरायचं नाही!

त्या रात्री कथबर्ट आजोबांनी
(वय बहात्तर, निवृत्त गॅस फिटर,
खेळात अकरा वर्षांची पाकीटमार पोर)
पुलावरच्या रखवालदाराला विचारलं,
बाबा, तुझं नाव काय?

पुस्तकात त्याला नाव नव्हतं.
प्राण नऊ. भाला एक.
माझ्या तोंडून निघून गेलं, गुंडाप्पा.
आमच्या साखर कारखान्याच्या गेटवर होता तो,
बारा महिने मफलर बांधून.

मग दोन तास गुंडाप्पा बोलत राहिला.
गुडघ्याबद्दल. लेकीबद्दल, जी पत्र धाडत नाही.
चार महिने थकलेल्या पगाराबद्दल.
एरवी फक्त आग फेकणाऱ्या इमोजेनने
आपली शेवटची भाकरी त्याला दिली
आणि रबराने कागदावरून पुसून टाकली.
कथबर्टनी फासा मुठीत घोळवला, फुंकर मारली.
वीस.
खालची यंत्रं बंद होती. सगळ्यांनी पाहिलं.
गुंडाप्पाने सुरुंगाची वात
स्वतःच्या बुटाखाली चिरडली.

आणि आता मी पान चौदा वाचायचं.

लहानपणी लपाछपीत मला
सगळे लिंबूटिंबू करायचे.
पळ, लप, हवं तेवढं ओरड,
तुझ्यावर राज्य येणार नाही.
बाद झालीस तरी झाली नाहीस,
आणि जिंकलीस, तर तेही नाही.
एकदा मी कडब्याच्या गंजीत तासभर लपले,
अंगभर खाज, श्वास धरून,
आणि बाहेर आले तर सगळे जेवायला गेलेले.
तो राग मला वाटलं होतं विरघळला.
आता बघते तर गावोगावच्या टेबलांवर
त्याच पानाकडे सरकत चाललेली मोठी माणसं,
पार्किंगचे पैसे भरून लिंबूटिंबू.

मी पुस्तक मिटलं.
म्हटलं, पूल उभा आहे.

अहवालाच्या फॉर्मवर तीन चौकोन:
पूल पडला, लढून.
पूल पडला, न लढता.
सत्र अपूर्ण.
मी समासात लिहिलं, पडला नाही,
आणि खाली सही केली, जिची जागाच नव्हती.
विभागाच्या संयोजक बाईंचं उत्तर आलं, साखरेत घोळलेलं:
तुमचा उत्साह पोचला.
नोंदीत पडला असं धरलंय.

पुढच्या मंगळवारी मॅकल्सफील्डहून नवा मुलगा आला,
शिक्क्यांच्या कागदांची जाडजूड फाइल घेऊन.
माझ्याकडे पूल पडलाय, तो म्हणाला.
आमच्याकडे आहे, कथबर्ट म्हणाले.
मग मी येऊ कुठून?

कोणी हसलं नाही. नियमांची पुस्तकं उघडली गेली.
परिशिष्ट, दुरुस्तीपत्रक, मागच्या हंगामाचं दुरुस्तीपत्रक.
चाळीस मिनिटं तो पोरगा पलीकडच्या काठावर
चिप्सचा गारढोण पुडा घेऊन बसून होता.
शेवटी मीच आवाज बदलला,
मफलर गळ्याशी आवळल्यासारखा हात नेला:
ये रे, दुसरी फळी हलते, पाय जपून टाक.

त्याने फाइलकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं.
खाली कुणाची तरी पँट बटणांसकट गरागरा फिरत होती.
चालेल ना हे? त्याने विचारलं. म्हणजे, नोंदीत?

साडेदहा वाजले.
खुर्च्या रचताना कथबर्टनी पुलाची पुठ्ठ्याची कमान
खोक्यात टाकली नाही, कोटाच्या खिशात घातली.

पान पंधरा म्हणे पुराच्या पाण्यात सुरू होतं.
मी अजून उघडलेलं नाही.