गाडी लागते का?

फॉर्मवर दोनच भाषा, अरबी आणि इंग्रजी.
डॉक्टर मुना ओळीवर बोट ठेवते,
मी हिंदीत विचारते: सफर में तकलीफ? उलटी?
खैरुन्निसा मुकादम, बाणकोटची, वय एकावन्न,
सोहारमध्ये एका घरी स्वयंपाकाला,
पित्ताशयात खडे.
मान हलवते. नाही.

नाही म्हणणाऱ्या बायका मला माहीत आहेत.
नाही म्हटलं की काम उरकतं,
मालकीण खाली गाडीत थांबलेली असते.

पेन ठेवून मराठीत विचारते,
गाडी लागते का हो तुम्हाला?

चेहराच उघडतो तिचा.
“लागते म्हणजे! म्हाप्रळच्या वळणांना दोन पिशव्या.
लग्नानंतर सासरी जाताना
नवऱ्याच्या नव्या कुर्त्यावर ओकले मी.
बोट नाही लागत. खाडीवरचे आम्ही.”
विडी-सिगरेट?
ओढणीत तोंड घालून हसत सुटते.
(ओढणाऱ्यांना हा त्रास कमी होतो.
हे काही मी तिला सांगितलं नाही.)

बाई. विडी नाही. गाडी लागते.
दुखण्यावर मॉर्फिन द्यावं लागणार.
चारातले चार.
डॉक्टर मुना आधीचं खोडते:
वायूची भूल नको, शिरेतूनच द्यायची.
एक इंजेक्शन सुरुवातीला, एक संपताना.

पहिल्या वर्षी मी एका पोराचं डोकं धरून बसले होते,
नेपाळचा, टाइल बसवणारा.
रात्रभर कोरडे उमाळे,
दर उमाळ्याला तो दोन्ही हातांनी टाके दाबायचा
आणि मला सॉरी म्हणायचा.
त्याला कुणी काही विचारलंच नव्हतं.

सकाळी खैरुन्निसाबाईंना बाहेर आणतात.
मी उशाशी ट्रे ठेवते, डोकं जरा उंच करते,
पलंग वळवताना हळू, कोपऱ्यावर तर फारच हळू,
वॉर्डबॉय वैतागतो.
ओठ कोरडे. एकदा आवंढा गिळते,
माझा हात ट्रेकडे जातो.
काही नाही.
खिडकीत बंदराच्या क्रेन, धुरकट ऊन.
पाऊण तास मी काहीच न होण्याकडे बघत बसते.
याची नोंद करायला चार्टवर शून्य एवढंच असतं.

मग ती डोळे किलकिले करते,
म्हणते, “पोचलो का?”

पोचलात, मी म्हणते.
“पिशवी लागली नाही?”
नाही लागली.

कोरडा ट्रे तरीही धुते. पुढचा नंबर येतोय.